धुऱ्यावरची आग आणि शाळेचे कर्तव्य

(घाटंजी पंचायत समितीच्या क्षेत्रातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माघ सरत आला, कपाशीची उलंगवाडी झाली, तूर खळ्यावरून घरात आली, म्हणजे घाटंजी तालुक्याच्या शिवारात एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. दुपार कलताच कोणाच्या तरी धुऱ्यावरून धूर निघतो. थोड्या वेळाने दुसरीकडून निघतो. संध्याकाळी वाघाडीच्या खोऱ्यावर त्याचा निळसर पट्टा पसरतो. शाळा सुटून घरी जाणारी मुले तो पाहतात. पण त्यात काही वावगे आहे असे त्यांच्या मनातही येत नाही. कारण ती आग त्यांच्याच वडिलांनी, आजोबांनी किंवा शेजाऱ्यांनी लावलेली असते. आणि घरून काडेपेटी आणून देण्याचे काम पुष्कळदा त्यांनीच केलेले असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. उघड्यावर आग का लावली जाते, ती हाताबाहेर कशी जाते, कायदा त्याविषयी काय सांगतो, आणि प्राथमिक शाळेने यात कोणता भाग उचलावा, याचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

आग लावणाऱ्याची बाजू

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही आग कोणी दुष्टबुद्धीने लावीत नाही. धुऱ्यावर वाळलेले गवत आणि काटेरी झुडपे माजली, की त्यात साप-विंचू राहतात, तणाचे बी वावरात उडते, आणि धुरा साफ करावयास मजूर लावावा तर मजुरी परवडत नाही. एका काडीने ते काम तासाभरात होते. पऱ्हाटी उपटल्यावर काही सरपणासाठी घरी येते. उरलेली जागा अडवून बसते. शिवाय तिच्यावर राहिलेल्या वाळक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दबा धरून असते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे केवढे नुकसान केले, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. तेव्हा पऱ्हाटी जाळून टाकणे हे त्याला शहाणपणाचेच वाटते.

रानातील आगीचेही तसेच आहे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखाली पाचोळा असला तर ती दिसत नाहीत. म्हणून वेचणारा आदल्या दिवशी तो पाचोळा पेटवून देतो. तेंदूच्या झुडपांना आग लागली म्हणजे नवी, कोवळी पाने जोमाने फुटतात, असा समज आहे. आणि त्या पानांवर उन्हाळ्यातील चार पैसे अवलंबून असतात.

अशा माणसासमोर शिक्षकाने जाऊन केवळ "जाळू नका" म्हटले, तर तो नम्रपणे एवढेच म्हणेल, "गुरुजी, वावर आम्हाला करायचे आहे, तुम्हाला नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्या अडचणीपायी तो काडी ओढतो, त्या अडचणीला दुसरा उपाय सांगितल्याशिवाय निषेधाचा उपयोग नाही.

आग हाताबाहेर कशी जाते

आग जळण्यास तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. यांपैकी एक काढून घेतली की आग विझते, हे चौथीच्या मुलालाही समजते. परंतु फाल्गुन-चैत्रातील दुपारी या तिन्ही गोष्टी शिवारात मुबलक असतात. गवत कोरडे ठणठणीत, जमीन तापलेली, आणि वारा केव्हा दिशा बदलील याचा नेम नाही. जळते पान वाऱ्याबरोबर उडून दूरच्या गंजीवर पडते. उतार असेल तर आग वरच्या अंगाला अधिक वेगाने चढते. कारण वर जाणाऱ्या ज्वाला पुढचे गवत आधीच तापवून ठेवतात. घाटंजीचा पुष्कळसा भाग टेकड्यांचा आहे. पायथ्याच्या वावरात लावलेली आग टेकडीवरील जंगलात शिरते ती याच कारणाने.

शेताला धुरा असतो, धुऱ्याला मालक असतात. पण आगीला यांतले काहीच ठाऊक नसते. शेजाऱ्याच्या कडब्याची गंजी, सोयाबीनचे कुटार, गोठ्यातील दावणीला बांधलेले बैल, ओलिताचे प्लास्टिकचे नळ, संत्र्याची चार वर्षे वाढविलेली झाडे हे सर्व तिच्या वाटेत येते. गंजी जळाली की पावसाळा लागेपर्यंत जनावरांना घालावयास वैरण राहत नाही, आणि पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकण्याची पाळी येते. यातून जे वैर उत्पन्न होते ते कधी कधी दोन पिढ्या टिकते.

जंगलाची हानी सावकाश दिसते. या भागातील जंगल शुष्क पानझडी जातीचे आहे. साग, धावडा, तेंदू, मोह, पळस हे त्यातील मुख्य वृक्ष. थोराड साग आगीतून तगतो; परंतु त्याच्या पायाशी उगवलेली रोपे जळून जातात. प्रतिवर्षी आग फिरत राहिली तर जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या मागून येणारी पिढीच नसते. तालुक्याच्या सीमेवर टिपेश्वरचे अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या त्या रानात वाघांचा वास आहे. तेथील गवत जळाले की हरणे व रोही चाऱ्यासाठी शिवारात उतरतात, आणि त्यांच्यामागे वाघही येतो. म्हणजे जंगलात लागलेली आग फिरून शेतकऱ्याच्याच दारी येते.

आणि माणसे? ८ एप्रिल २०२१ रोजी पूर्व विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात लागलेला वणवा विझविताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. ते खेड्यापाड्यांतील, रोजंदारीवर काम करणारे लोक होते. कोणाच्या तरी हातून पडलेल्या ठिणगीची किंमत अशी भलत्यालाच मोजावी लागते, हे वर्गात सांगावयास संकोच करू नये.

कायदा काय सांगतो

भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलास आग लावणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर नियमांविरुद्ध, त्या जंगलास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे किंवा पेटती सोडून जाणे हाही गुन्हा आहे. "मी जंगलात गेलोच नव्हतो, माझ्या वावरात जाळीत होतो" हा बचाव तेथे पुरेसा पडत नाही.

याच कलमाचा आणखी एक भाग गावोगाव समजावून सांगण्यासारखा आहे. राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर त्या जंगलातील अथवा त्याच्या एखाद्या भागातील चराईचे व वनोपजाचे हक्क राज्य शासन काही मुदतीपर्यंत स्थगित करू शकते. आग एक जण लावील. पण गुरे बांधून ठेवण्याची पाळी सर्व गावावर येईल.

कलम ७९ हे मदतीविषयी आहे. जंगलात ज्यांना हक्क किंवा परवानगी आहे, तसेच जंगलालगतच्या गावात समाजसेवेच्या कामासाठी शासनाकडून मेहनताना घेणारे जे लोक आहेत, त्यांनी वणव्याची माहिती विनाविलंब जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्यास दिली पाहिजे व आग विझविण्याची खटपट केली पाहिजे, असे हे कलम सांगते. कोणी बोलावण्याची वाट पाहावी असे त्यात नाही. शिक्षकाने या कर्तव्यातून आपणास वगळू नये.

जंगलाबाहेरील आगीसही कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम २८७ प्रमाणे, दुसऱ्याच्या जिवास धोका होईल किंवा इजा पोहोचेल असा आगीच्या बाबतीतील अविचार वा हयगय शिक्षेस पात्र आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर मनाई केली. साध्या प्रकरणी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरविली.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. या काळात वनखाते जाळरेषा साफ ठेवते, आणि देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना वनाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचते. आता धूर लपत नाही, हेही गावकऱ्यांच्या कानी घालावे.

न जाळता काय करावे

आता उपायांकडे वळू. या बाबतीत यवतमाळ जिल्ह्यास दूर जाण्याचे कारण नाही. पालापाचोळा आणि काडीकचरा यांपासून थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची जी रीत देशभर "नाडेप" या नावाने ओळखली जाते, ती याच जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी सिद्ध केली. नाडेप हे नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे. हवा खेळावी म्हणून भिंतींत जागोजाग भोके ठेवावयाची. पाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर द्यावयाचे. वरून लिंपून घ्यावयाचे व ओल टिकवावयाची. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. जो पाचोळा पेटविला असता त्यातील नत्र जवळजवळ सर्व धुराबरोबर उडून जाते. टाक्यात घातला तर त्याचा मोठा भाग जमिनीस परत मिळतो.

पऱ्हाटीचे खोड लाकडासारखे टणक असल्याने ती अखंड टाक्यात घालून कुजत नाही. ती यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळावी. गावात एका शेतकऱ्यास असे यंत्र परवडत नसेल, तर शेतकरी गटाने भाड्याने आणावे. बोंडअळीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की फरदड न घेता कपाशीचा हंगाम वेळेवर संपवावा, आणि पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर पुढच्या पेरणीपर्यंत पडू देऊ नयेत. वेळीच बारीक केलेल्या पऱ्हाटीत अळीला आसरा राहत नाही. सरपणासाठी जी ठेवावयाची, तिच्यावरील बोंडे झोडून काढून नष्ट करावीत व ढीग घरापासून आणि गोठ्यापासून अंतरावर रचावा. कुडाच्या भिंतीला टेकवून पऱ्हाटी रचण्याची चाल सर्वथा सोडली पाहिजे.

धुऱ्याचे तण जाळल्याने जाते हा भ्रम आहे. हरळी व कुंदा यांची मुळे जमिनीत खोल असतात. वरचे पान जळाले तरी पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा फुटतात. जळतात ती धुऱ्यावरची बोर, बाभूळ आणि निंबाची झाडे. गवत हिरवे असतानाच, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे कापून घेतले, तर ते वैरण होते; फाल्गुनात तेच जळण होते.

मोहाखालचा पाचोळा झाडून दूर सारता येतो, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी अंथरता येतात; फुले स्वच्छ मिळाल्याने भावही बरा येतो. तेंदूची झुडपे छाटली तरी नवी पाने फुटतात. त्यासाठी रान पेटविण्याची गरज नाही. कोलाम, गोंड व बंजारा वस्त्यांवरील शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांनी या गोष्टी शिकविण्याच्या आविर्भावात न सांगता, तेथील जाणत्या माणसांशी बसून बोलाव्यात. रानाची माहिती त्यांना शिक्षकापेक्षा अधिक असते, आणि त्यांच्यापैकी एकाने न जाळता मोह वेचून दाखविला तर दहा भाषणांचे काम होते.

इतके करूनही कोठे जाळणे टळत नसेल, तर निदान पुढील मर्यादा पाळाव्यात :

१. शेजारच्या शेतकऱ्यास आणि ग्रामपंचायतीस आधी कळवावे. जंगलाच्या हद्दीजवळ वनरक्षकास विचारल्याशिवाय काडी लावू नये.

२. दुपारी आणि वारा असताना कधीही जाळू नये.

३. ढिगाभोवती रुंद पट्टा वखरून, गवताची काडीही न ठेवता साफ करावा. ढीग लहान असावा. एक विझल्यावरच दुसरा पेटवावा.

४. पाणी, माती व हिरव्या डहाळ्या हाताशी ठेवाव्यात. किमान दोन प्रौढ माणसे शेवटपर्यंत हजर असावीत.

५. राख पाण्याने भिजवून, उलथून, हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये.

६. मुलांना तेथे थांबू देऊ नये, आणि त्यांच्या हाती काडेपेटी देऊ नये.

शाळेने स्वतःपासून आरंभ करावा

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. कितीतरी शाळांत सकाळी मुले अंगण झाडतात आणि तो पाचोळा, त्यातील कागद व प्लास्टिकच्या पिशव्यांसह, आवाराच्या कोपऱ्यात पेटविला जातो. परिपाठ संपेपर्यंत धूर वर्गात शिरतो. प्लास्टिकचा धूर विषारी असतो. परंतु याहून मोठी हानी वेगळी आहे. कचरा म्हणजे जाळावयाची वस्तू, हा धडा पुस्तकात नसताना शाळा रोज सकाळी शिकविते. ज्या शाळेच्या कोपऱ्यात राखेचा ढीग आहे, त्या शाळेतील शिक्षकाने ग्रामसभेत धुऱ्याविषयी बोलू नये. कोणी ऐकणार नाही. उलट तेथे मुलांनी भरलेला खताचा खड्डा असेल, आणि त्या खतावर परसबागेतील वांगी व मेथी आली असेल, तर बोलण्याचीही फारशी गरज पडणार नाही.

शाळेतील स्वयंपाकघराकडेही लक्ष असावे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपरास लागली आणि ९४ बालके दगावली. त्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निर्णयात शाळांनी अग्निशामक साधने ठेवावीत आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे शिक्षण द्यावे, असे आदेश दिले. भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले आहे, एवढ्याने हा आदेश पाळला गेला असे होत नाही. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, मुदत संपली आहे काय, आणि पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंना ते उघडता येते काय, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. चुलीशेजारी सरपण साठवू नये. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी न टाकता शेगडी बंद करून झाकण घालावे. वर्गाचे दार आणि बाहेर जाण्याची वाट बाकांनी किंवा सायकलींनी अडू देऊ नये. महिन्यातून एकदा घंटेच्या ठरलेल्या इशाऱ्यावर सर्व मुले रांगेने मैदानात येतील असा सराव करावा, आणि तेथे हजेरी घ्यावी.

मुलांना पुढील गोष्टी तोंडपाठ असाव्यात. कपड्याने पेट घेतला तर धावू नये; थांबावे, आडवे पडावे, तोंड हातांनी झाकून लोळावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे स्वच्छ, वाहते, गार पाणी सोडावे. हळद, शाई, तेल, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. आग दिसल्यास विझविण्यास न धावता मोठ्या माणसास सांगावे. मदतीसाठी ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वणव्याची खबर देण्यासाठी वनखात्याचा १९२६ हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

या हंगामाचे काम

शेवटी, कार्यक्रम लहान व करण्याजोगा असावा म्हणून तीनच गोष्टी सुचविल्या आहेत. पहिली, या आठवड्यापासून शाळेच्या आवारात काहीही जाळावयाचे नाही. दुसरी, होळीपूर्वी पालकांची एक सभा घेऊन धुरा, पऱ्हाटी व मोह यांविषयी त्यांचीच अडचण आधी ऐकून घ्यावयाची, आणि मग कायदा व उपाय सांगावयाचे. तिसरी, पाचवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावयाचा. गंज्या कोठे आहेत, विहिरी व हातपंप कोठे आहेत, जंगलाची हद्द कोठून जाते, आग लागल्यास पाण्याचा टँकर कोणत्या वाटेने शिरेल, हे त्यावर दाखवावयाचे. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. घाटंजीसारख्या तालुक्यात दूरच्या गावी बंब पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर गावाने काय करावे हे त्या कागदावरून कळेल.

वडिलांनी काडेपेटी मागितली असता जे मूल "बाबा, वारा सुटला आहे, आज नको" एवढे म्हणेल, त्याने हा धडा शिकला असे समजावे. ते म्हणावयाचे धैर्य त्यास शाळेतूनच मिळावयाचे आहे.